दोन पोती आणि एक बॅटरी

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांना सांगत होतो, "घरून कामाला कसलीच अडचण नाही," आणि 'अडचण'वर तोंड उघडं असतानाच ग्रिड बसलं. मुंबई, ठाणे, आमचं नेरुळ, सगळीकडचे दिवे गेले, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. माझ्या त्या अर्धवट उघड्या तोंडाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर अजून वाढदिवसाला फिरतो.

तेव्हाच ठरवलं, आपलं घर महिनाभर कुणाच्या भरवशाशिवाय चाललं पाहिजे. ठरवायला एक दुपार पुरली. हातपाय हलवायला २०२२ चा मे उजाडला.

आधी हिशोब. चार माणसं, माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य, तीस दिवस. एक्सेलने अठ्ठेचाळीस किलो सांगितलं. मी प्रिंट काढून आईपुढे ठेवली. आई मूळची उरणची. चष्मा न लावताच म्हणाली, "आगोट भरायची आहे म्हण ना सरळ. आम्ही दरवर्षी मे महिन्यात भरायचो. तांदूळ, मसाला, कांदे, सुके बोंबील." बोंबिलांचा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता. तो घालायला बायकोने विरोध केला, कारण नेरुळच्या दोन खोल्यांत बोंबील आणि आम्ही यांपैकी एकालाच राहता आलं असतं.

तुर्भ्याला दाणाबंदरात गेलो. पंचवीस किलो तांदूळ, पंचवीस किलो गहू. हिशोबापेक्षा दोन किलो जास्तच, म्हणजे पाहुण्यांचीही सोय. घामाघूम होऊन घरात टेकवली तेव्हा आईने एकच विचारलं.

"वीज नसेल तर गहू दळणार कुठे? गिरणी विजेवर चालते ना?"

एक्सेलमध्ये गिरणीही नव्हती.

मग इन्व्हर्टर. बॅटरी १५० एएचची, १२ व्होल्टची. गुणाकार केला की १८०० वॉट-तास येतात. तीन पंखे, चार दिवे आणि राउटर मिळून पावणेतीनशे वॉट. म्हणजे साडेसहा तास. इलेक्ट्रिशियन हसला. "साहेब, कागदावर साडेसहा. घरात पाच धरा. आणि फ्रीज लावाल तर तेही विसरा." ही बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. आमचं घर सहाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट त्या दिवशी दुरुस्तीला होती. चौथ्या मजल्याच्या जिन्यावर बसून त्याने चहा मागितला, मी पाणी मागितलं.

बॅटरी पॅसेजमध्ये बसली. जाताना त्याने वर्ग घेतला. सहा बुचं, प्रत्येकात पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी. पाणी उतरलं की डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही. आणि चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते, म्हणून तिच्याभोवती मोकळी जागा ठेवायची. मी शहाण्यासारखी मान डोलावली. संध्याकाळी पोती ठेवायला घरभर जागा शोधली तेव्हा कळलं की आमच्या घरात मोकळी म्हणावी अशी एकच जागा उरली आहे, आणि ती बॅटरीभोवती आहे. पोती तिथेच उभी राहिली. "तात्पुरती," मी म्हणालो. आमच्या घरात तात्पुरतं ठेवलेलं सामान हलल्याची नोंद नाही.

जुलैत तांदळाला पाय फुटले. सोंड्याची मादी दाणा पोखरून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे आम्ही निवडून, पाखडून घरात आणला तो तांदूळ आधीच लेकुरवाळा होता. दमट हवेत साधारण महिनाभरात नवी पिढी भोक पाडून बाहेर येते. महिनाभराच्या साठ्याचं नियोजन त्यांचंही होतं, फक्त माझ्याहून चोख. उन्हात घालावा तर जुलैतलं नेरुळचं ऊन म्हणजे अफवा. रविवारभर हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून आम्ही चौघे चाळत बसलो. आईने उरलेल्या तांदळाला बोरिक पावडर लावली, तूरडाळीला एरंडेल चोळलं, गव्हात कडुलिंबाचा पाला खोचला. सोंडे भिंतीवरून बेडरूमकडे निघाले होते. मुलीने त्यातल्या एकाला नाव ठेवलं आणि मग त्याला मारू देईना.

एवढ्यात बायकोने स्वतःचा एक विभाग उघडला होता: न शिजवता खाण्याचा डबा. पातळ पोह्यांचा चिवडा, चिक्की, खारे शेंगदाणे. झाकणावर चिकटपट्टी आणि वर लिहिलेलं, 'आणीबाणी. हात लावू नये.' एरवी ती मला "अरे" म्हणते. त्या डब्याबद्दल बोलताना "अहो" म्हणाली, त्यावरून गांभीर्य ओळखावं. आता, आणीबाणी कशाला म्हणावं हा मतभेदाचा मुद्दा आहे. माझ्या अनुभवाने ती साधारण रात्री साडेअकराला येते. चिकटपट्टी अलगद सोडवून परत तशीच लावता येते. वर्षभराच्या सरावाने तर अंधारातही.

खरी वेळ पुढच्या पावसाळ्यात आली. धो धो पाऊस, संध्याकाळी सातला कुठेतरी धडाम झालं आणि सगळा सेक्टर काळोखात गेला. आमच्या घरात पंखे फिरत राहिले. मी खिडकीत उभा राहून अंधाऱ्या इमारतींकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, हे कबूल करतो. दहा मिनिटांत दारात रांग. समोरच्या काकू, तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, कॉलेजची तीन मुलं. प्रत्येकाच्या हातात चार्जर. "तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना?" एक्स्टेन्शन बोर्डवर नऊ मोबाईल लागले. मास्तरांना मी १८०० वॉट-तासांचा हिशोब समजावून सांगत होतो. "पाच तास निवांत," असं म्हणालो आणि इन्व्हर्टर पिकपिक करू लागला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पंखा हळूहळू थांबला.

टॉर्च घेऊन पॅसेजमध्ये गेलो. पोती ओढून बाजूला केली. वर्षभरात पहिल्यांदाच बॅटरीचं तोंड पाहिलं. सहाही काड्या तळाला गेल्या होत्या.

"तुम्ही पाणी घालत नव्हता का?" मास्तर.

"पोती मध्ये होती," मी.

हॉलमध्ये काळोख, दहा माणसं, बाहेर पाऊस. नळाला पाणी नाही, कारण टाकीत चढवणारा पंपही विजेवर. आईने बाल्कनीतल्या पिंपातून तांब्याभर पाणी आणून सगळ्यांना दिलं. मग बायकोचा आवाज आला, मोठ्या उमद्या मनाचा:

"बसा हो सगळे. आमच्याकडे या वेळेसाठीच ठेवलेला चिवडा आहे. अहो, तो डबा आणता का?"

मी टॉर्च बंद केला.