कट्ट्यावरची चर्चा : बालवाडीच्या हजेरीपटावर पालक

आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फोडण्याचा मान बहुधा हिशेबनिसाकडे जातो. हे त्याचे टोपणनाव आहे. कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्या संध्याकाळी त्याने विधान केले, की कोविडच्या काळात बालवाड्यांनी कुटुंबांना आधार दिला असे जे म्हटले जाते ते निव्वळ सौजन्य आहे. प्रत्यक्षात बालवाड्यांनी आपले काम आयांच्या गळ्यात घातले आणि वर त्याला पालक-सहभाग असे गोंडस नाव दिले. समोरच बाई बसली होती. ती कित्येक वर्षे तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवते, म्हणून कट्ट्यावर सगळे तिला बाईच म्हणतात. ती आता उसळणार, असे आम्हाला वाटले. पण ती शांतपणे म्हणाली, "पहिल्या दोन महिन्यांपुरते तुझे म्हणणे अगदी बरोबर आहे." वादाच्या दृष्टीने ही फारच गैरसोयीची सुरुवात होती, कारण हिशेबनिसाने पुढच्या अर्ध्या तासाची तयारी करून ठेवली होती.

डॉक्टरने आधी प्रश्नाचा आकार स्पष्ट केला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभरातील बहुतेक देशांनी शाळांबरोबर बालवाड्याही बंद केल्या. शाळेत जाण्याच्या आदल्या वर्षातील किमान चार कोटी मुले बालशिक्षणाला मुकली, असा अंदाज युनिसेफने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मांडला होता. मोठ्या मुलाचे एक वर्ष गेले तर अभ्यासक्रम मागे पडतो. चार वर्षांच्या मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा असतो, असे डॉक्टर म्हणाला. हा हिशेब हिशेबनिसालाही आवडला.

मग बाईने त्या दोन महिन्यांचे वर्णन केले. वर्गाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवण्यात आले होते : हजेरी, गाणे, गोष्ट, मुळाक्षरे, सलग चाळीस मिनिटे, एका वेळी वीस मुले. दहाव्या मिनिटाला निम्म्या चौकटींत नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसू लागत. एक मुलगा रोज टेबलाखाली बसून बाईला टेबलाची खालची बाजू दाखवत असे. प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस बसवावे लागे, ते बहुतेक वेळा आईच असे आणि ती आवाज बंद करून त्याच वेळी स्वतःच्या कार्यालयाची बैठकही ऐकत असे. त्यातच संस्थेने सरावपत्रिका पाठवायला सुरुवात केली. "त्या पत्रिका माझ्याकडे परत आल्या तेव्हा अक्षरे इतकी वळणदार होती, की त्या कोणी भरल्या होत्या हे विचारण्याची मला हिंमत झाली नाही," असे ती म्हणाली.

प्राध्यापकाला आता संधी मिळाली. लहान मूल पडद्यावरून शिकूच शकत नाही हा त्याचा जुना सिद्धान्त आहे आणि त्याच्याजवळ आधारही होता. अमेरिकेतील सिएटलच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या चमूने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपुढे चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष येऊन खेळली, तेव्हा ती बाळे त्या भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखायला शिकली. तीच माणसे, तेच बोलणे चित्रफितीतून दाखवले तेव्हा बाळे काहीही शिकली नाहीत. शिवाय दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसल्या जागी पडद्यासमोर दिवसाला एका तासाहून अधिक वेळ घालवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच, म्हणजे महासाथीच्या आदल्या वर्षी सांगितले होते. तेव्हा चूक पडद्याची आहे, असा निवाडा प्राध्यापकाने देऊन टाकला.

बाईला हा निवाडा मान्य नव्हता. तिचे म्हणणे असे, की चित्रफीत आणि समोरासमोरचे बोलणे यांच्यामध्ये तिसरीही एक गोष्ट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना क्रियापदे शिकवण्यात आली. आधी चित्रित केलेल्या चित्रफितीतून मुले शिकली नाहीत. पण व्हिडिओ कॉलवरील व्यक्ती त्यांच्या हालचालींना व बोलण्याला तत्क्षणी प्रतिसाद देत होती तेव्हा मुले शिकली, जवळजवळ प्रत्यक्ष भेटीइतकीच. म्हणजे मुलाला हवी असते ती देवाणघेवाण. मुलाने काहीतरी करावे आणि समोरच्याने त्याचीच दखल घेऊन उत्तर द्यावे. वीस मुलांच्या वर्गात पडद्यावर हे शक्य नसते, चार मुलांत काही प्रमाणात शक्य असते. म्हणून तिसऱ्या महिन्यात तिने चाळीस मिनिटांचा वर्ग मोडून दहा-दहा मिनिटांचे छोटे गट केले आणि उरलेला वेळ फोनकडे वळवला. फोन मुलांना नव्हे, तर पालकांना.

चर्चा खरी रंगली ती इथून. हिशेबनीस म्हणाला, की हेच तर तो सांगत होता; शिक्षिका फोनवर सूचना देते आणि शिकवावे आईने. प्राध्यापकाने त्याला आफ्रिकेतील बोट्स्वाना या देशातील प्रयोगाची आठवण करून दिली. शाळा बंद असताना तिथे सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर हे तपासले गेले होते. काही घरी दर आठवड्याला गणिताचा एक लघुसंदेश गेला, काही घरी त्या संदेशाच्या जोडीला शिक्षिकेचा किंवा शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही गेला. फोन गेलेल्या घरांतील मुलांचे गणित सुधारले, नुसत्या संदेशाने म्हणावा असा फरक पडला नाही. ही मुले तिसरी ते पाचवीतील होती, हे प्राध्यापकाने प्रामाणिकपणे सांगितले. पण बाईच्या मते लहानांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे असणार, कारण संदेश वाचून पालकाला आणखी एक काम राहिल्याची टोचणी लागते आणि फोनवर त्याला विचारता येते.

"विचारतात काय?" असे मी विचारले, कारण इतका वेळ मी ऐकतच होतो. बाईने सांगितले, की मुळाक्षरांबद्दल जवळजवळ कोणीच विचारत नसे. लंगोट सुटलेली मुलगी पुन्हा अंथरूण ओले करते, मुलगा धाकट्याला चावतो, रात्री अकरापर्यंत झोपत नाही, आजोबा कुठे गेले असे विचारतो तेव्हा काय सांगू, असे प्रश्न असत. एका आईने फोन उचलला आणि काहीही न बोलता ती पाच मिनिटे रडली. बाईने तिला एवढेच सांगितले, की ताणाच्या काळात मूल शिकलेली सवय काही दिवस विसरते, रागावू नका, ती परत येईल. डॉक्टरने मान डोलावली. तो म्हणाला, की त्याच्याकडे ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना तोही हेच सांगतो, फक्त त्याचे शुल्क घेतो.

हिशेबनीस मागे हटला नाही. हा दिलासा झाला, शिक्षण कुठे झाले, असे त्याने विचारले. यावर प्राध्यापकाने जमैकाचे उदाहरण काढले आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. १९८० च्या दशकात किंग्स्टन शहरात खुंटलेल्या वाढीच्या १२९ बाळांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काही घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि घरच्याच टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला, तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई बाकीच्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. आईला बळ देणे हेही मुलाचे शिक्षणच असते, याचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण आहे.

हिशेबनिसाने मात्र या पुराव्याचीच दुसरी बाजू वाचून दाखवली. जमैकातील ती सेविका पगारी होती, ती घरी येत होती, खेळणी तीच आणत होती. २०२० मधील आईजवळ सेविका नव्हती, खेळणी नव्हती, आणि बहुधा तिची स्वतःची नोकरीही त्याच टेबलावर चालली होती. तेव्हा जमैकाचा दाखला देऊन घरीच शिकवा असे म्हणणे म्हणजे औषध न देता फक्त चिठ्ठी देण्यासारखे आहे. क्षणभर कोणीच बोलले नाही. मला त्याचे म्हणणे पटले, आणि आश्चर्य म्हणजे बाईलाही पटले.

ती म्हणाली, की तिचे जे आठवडे खऱ्या अर्थाने उपयोगी पडले, ते तिने पालकांचे काम वाढवले नाही तेव्हाचे होते. दहा उपक्रमांची यादी पाठवणे तिने बंद केले आणि घरात जे काम होणारच आहे त्यातच मुलाला सामील करून घ्यायला सुचवले. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या जुळवणे हे वर्गीकरणच असते. जेवायला किती माणसे आहेत हे मोजून तितके पेले मांडणे हे एकास एक संगतीचे गणितच असते. झाडांना पाणी घालताना मुलाचे 'का' ऐकून घेणे हा भाषेचा तास असतो. त्याबरोबर महिन्यातून एकदा तिच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन दाराशी एक पिशवी ठेवली. तिच्यात खडू, कोरे कागद, माती आणि एक चित्रांचे पुस्तक एवढेच असे. तरीही काही घरांचे फोन बंदच राहिले, काही कुटुंबे गाव सोडून गेली, आणि सर्वांत अधिक गरज असलेली मुलेच सर्वांत आधी यादीतून गळली. हे सांगताना तिने आवाज चढवला नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

शिक्षिकांच्या पगाराचा विषय डॉक्टरने काढला. शुल्कावर चालणाऱ्या बालवाड्यांत मुले येईनाशी झाली की पगारही थांबतो. अमेरिकेने मार्च २०२१ मधील कायद्याने बालसंगोपन केंद्रे तगवण्यासाठी २४ अब्ज डॉलर बाजूला काढले ते याच कारणासाठी. आधार देणाऱ्यालाही कोणीतरी आधार द्यावा लागतो, असे डॉक्टर म्हणाला, आणि या एका मुद्द्यावर वाद झाला नाही.

प्राध्यापकाने बालवाड्या बंद करणेच चूक होते का, हा प्रश्न उपस्थित केला. स्वीडनने त्या चालू ठेवल्या, इंग्लंडने अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या आणि धोक्यातील मुलांसाठी दारे उघडी ठेवली, डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजीच लहानांना परत बोलावले. डॉक्टरने त्याला अडवून सांगितले, की संसर्गाचा निवाडा कट्ट्यावर करायचा नसतो. तो विषय तिथेच राहिला.

शेवटी बोलणे वळले ते परतीच्या दिवसांकडे. बाईने सांगितले, की घरी राहून आलेली चार वर्षांची मुले शब्दांत मागे नव्हती. काहींची भाषा तर मोठ्यांच्या सहवासाने अकाली प्रौढ झाली होती. त्यांना येत नव्हते ते दुसऱ्या मुलाबरोबर असणे. एका खेळण्यातल्या मालमोटारीवरून दोघे पाऊण तास भांडले आणि ती मुद्दामच मध्ये पडली नाही. घरी मोठी माणसे मोटार देऊन टाकतात. ती द्यायची नाही असे ठरवून बसलेला दुसरा चार वर्षांचा माणूस कोणतीही आई, कोणताही फोन पुरवू शकत नाही. त्या दोघांनी अखेर मोटार उलटी करून तिची चाके फिरवण्याचा नवा खेळ शोधला.

"मग ते साप्ताहिक फोन आता बंद झाले असतील," हिशेबनीस म्हणाला. ते चालू आहेत, असे बाईने सांगितले. मात्र हजेरीपटावर पूर्वी फक्त आईचा क्रमांक असे, तिथे आता वडिलांचा आधी लिहिला जातो आणि ती फोनही आधी त्यांनाच करते. किती वडील तो उचलतात, हा हिशेबनिसाचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता.

"उचलतात बहुतेक सगळे," बाई म्हणाली. "उचलतात, नमस्कार करतात आणि निम्मे जण फोन आईच्या हातात देतात."