किती खायचं ते पोराला ठरवू द्या

"वाळलाय गं फार! काही खात-बित नाही का?"

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की हे वाक्य सुरू होतं आणि ते कायम आईलाच ऐकवलं जातं. बाप शेजारीच उभा असतो, पण त्याला कुणी विचारत नाही. मुलाचं वजन म्हणजे आपल्याकडे आईचं प्रगतिपुस्तक. पोर गुटगुटीत असेल तर आई गुणाची. हडकुळं असेल आणि आई नोकरी करत असेल, तर "हिला वेळ कुठंय". घरी असेल तर "दिवसभर घरात असून एवढं जमत नाही?" काहीही करा, बोल लागणारच.

मागच्या महिन्यात एका लग्नात मंगल कार्यालयात बसले होते. समोर एक पंचविशीतली मुलगी, अंगावर पैठणी, एका हातात वरणभाताची वाटी, दुसऱ्यात चमचा. पुढे तिचं पोर. खुर्च्यांच्या रांगांमधून पोर पळतंय, मागून ही. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक नवऱ्या मुलीचा, एक बँडवाल्या काकांचा. पोरानं घास गालात धरून ठेवलेला, गिळायचं नावच नाही. शेवटी एक काकू म्हणाल्या, "मोबाइल दे गं, लगेच खाईल." दिला. पोराचं तोंड आपोआप उघडलं आणि वाटी संपली. नवरा तोवर पंगतीत बसून दुसऱ्यांदा मठ्ठा मागत होता. त्या मुलीचं स्वतःचं जेवण झालं की नाही हे तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मला त्या मुलीला काही शिकवायचं नव्हतं, ती बिचारी आधीच घामाघूम झालेली. पण त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात आहे. माझी दोन्ही मुलं आता शाळेत जातात, हातानं जेवतात, ताट उचलून ठेवतात, एवढाच काय तो माझा अधिकार.

तर माझं म्हणणं असं: पानात काय असेल, किती वाजता असेल आणि कुठे बसून खायचं हे आपण ठरवायचं. त्यातलं किती खायचं, आणि आज खायचं की नाही, हे मुलानं ठरवायचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी फार पूर्वी मांडली आहे आणि बरेच बालरोगतज्ज्ञही आज हेच सांगतात. आपल्याकडे मात्र सगळं उलटं चालतं. काय खायचं हे मूल ठरवतं (मॅगी), कुठे तेही मूल ठरवतं (टीव्हीपुढे), आणि किती खायचं ते आपण ठरवतो. वर कुस्ती!

"आधी किती छान खायचा, आता काय झालंय कळत नाही," हे तर प्रत्येक घरातलं. काही झालेलं नसतं हो. ३ किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत ९ किलोच्या आसपास जातं. म्हणजे एका वर्षात ६ किलो! पुढच्या अख्ख्या वर्षात ते साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणारच. त्यात नुकतं चालायला लागलेलं असतं, सगळं घर उपसायचं असतं, त्याला बसायला फुरसत कुठे आहे? नेमक्या याच वयात आपण वाटी घेऊन मागे लागतो आणि जेवण म्हणजे भांडण, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसवतो.

सकाळी अर्धी चपाती, दुपारी चार घास, रात्री मात्र दोनदा भात मागून घेतला, असं चालतं. आज काहीच नाही आणि उद्या अचानक मोठ्या माणसाएवढं, हेही चालतं. एका वेळच्या वाटीकडे बघून जीव काढायचा नाही, आठवडाभराचं मिळून बघायचं.

आता येतो तो पानात टाकण्याचा प्रश्न. आपण सगळे "पानात टाकायचं नाही" हे ऐकत मोठे झालो, आणि मला तो नियम मनापासून मान्य आहे. अन्न टाकलेलं मला बघवत नाही. पण तो नियम ज्याच्या त्याच्या वाढून घेण्यावर असायला हवा. मी माझ्या अंदाजानं पोराच्या ताटात डोंगर रचायचा आणि मग संपवायची सक्ती त्याच्यावर, हा कुठला न्याय? आमच्याकडे भाताचं पातेलं आणि आमटी जमिनीवर मध्ये ठेवतात आणि मुलं स्वतः वाढून घेतात. थोडं घे, लागलं तर परत घे, घेतलेलं मात्र संपव. लहान असताना आमटीचा डाव ताटापर्यंत पोचायच्या आत अर्धा सांडायचा, सतरंजी दर दोन दिवसांनी धुवायला पडायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तू वाढ ना, किती पसारा." मी म्हणायचे, "आई, सतरंजी धुता येते." धाकटा चार वर्षांचा असताना एवढूसा भात घ्यायचा की बघून पोटात गोळा यायचा. मग तोच तीनदा घ्यायचा. मी एकदम तेवढाच वाढला असता तर "एवढा नको" म्हणून रडारड झाली असती.

भूक लागायला मुळात पोट रिकामं असावं लागतं, आणि इथे आपली सगळ्यात मोठी गडबड आहे. सकाळी कपभर दूध, वर बिस्किटं. अकराला केळं. चारला परत दूध. सहाला आजोबांच्या बशीतला चहा आणि खारी. सातला कुणीतरी पाहुणे येतात, ते कुरकुऱ्याचं पाकीट आणतात. आणि साडेआठला आपण म्हणतो, "हा जेवतच नाही." कशाला जेवेल?

दुधाचंच घ्या. दूध चांगलंच आहे, पण वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध गेलं की पोट त्यानंच भरतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. चहा तर त्याहून वाईट, जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. शंभरातली एकोणसत्तर! यांत गुटगुटीत मुलं नसतील असं वाटतं का तुम्हाला? गाल वर आले म्हणजे रक्त भरलं असं होत नाही. आपण वजनाची काळजी करत बसतो आणि पोराच्या पोटात दूध-बिस्कीट-भात याच्या पलीकडे काही जात नाही.

त्या डब्यातल्या चॉकलेटी पावडरींबद्दलही बोलते. दुधात घातल्याशिवाय दूधच पीत नाही म्हणून घरोघर चमचे-चमचे जातात. त्यात भरपूर साखर असते, डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. तरी उंची वाढेल या आशेवर आपण आणतोच. त्यापेक्षा नाचणीची आंबील द्या, गूळ-शेंगदाण्याचा लाडू द्या, अळिवाची खीर द्या. आणि वरणावर लिंबू पिळा. लिंबानं लोह अंगी लागतं, आणि मुलांना ते पिळायलाही आवडतं.

वेळा बांधून घ्या. तीन जेवणं आणि मध्ये दोनदा खाणं, बस्स. मधल्या वेळात फक्त पाणी. "भूक लागली" म्हटलं तर "साडेआठला जेवायचंय, थांब थोडा." कुणी मरत नाही तासाभरानं. उलट साडेआठला ते पोर तव्यावरच्या भाकरीकडे ज्या नजरेनं बघतं ना, त्यासाठी भाकरी थापायला मजा येते.

मोबाइल. यावर एवढं लिहून झालंय की मी थोडक्यात सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना म्हणते की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाच्या देखत. जेवताना नकोच नको. स्क्रीन बघणाऱ्या पोराला आपण भेंडी खाल्ली की दोडका हे कळत नाही, आणि पोट भरल्याचंही कळत नाही. बंद कसा करायचा? एकदम. हळूहळू बंद करणारी मी तरी कुणी यशस्वी पाहिली नाही. पहिले काही दिवस थयथयाट होतो, पोर दोनच घास खातं, घरातले तुमच्याकडे कैदाशिणीसारखं बघतात. तेवढे दिवस घट्ट राहायचं. आणि हो, तुमचाही फोन लांब ठेवायचा. बाबांचासुद्धा. बाबांचा आधी.

वेगळा स्वयंपाक करू नका, ही माझी समस्त आयांना विनंती. मोठ्यांना कारलं, मुलाला बटाटा, ह्यांना पथ्याचं, असं करत बाई कट्ट्यापुढेच म्हातारी होते. सगळ्यांना एकच जेवण, फक्त त्यात एक तरी गोष्ट अशी ठेवायची जी मूल नक्की खातं. दहीभात असो, चपाती-तूप असो. कारल्याची एक चकती ताटाच्या कडेला वाढायची आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही. "खाऊन तर बघ", "डोळे चांगले होतात", "बघ ताई खाते", काही नाही. नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. आपण दुसऱ्यांदाच जाहीर करून टाकतो की "आमच्याकडे भोपळा चालत नाही." आणि हे त्याच्यासमोर, पाहुण्यांपुढे! झालं, शिक्का बसला. माझी मोठी भोपळ्याला शिवत नव्हती. एकदा मावशीकडे भोपळ्याचे घारगे गरम गरम हाताला लागले आणि नंतर भाजीही आपोआप आली. कशानं कुणाचं सुटेल सांगता येत नाही, समोर येत राहिलं पाहिजे एवढंच.

बक्षीसही नको. "भाजी संपव, मग चॉकलेट." यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे.

आता खरं अवघड प्रकरण: आजी. कितीही ठरवा, तुमची पाठ वळली की आजी शिऱ्याची वाटी घेऊन हजर. त्यांच्याशी नियमांची भाषा करून उपयोग नसतो, आणि करूही नये. त्यांच्या काळात घरात पाच-सहा पोरं, अन्न मोजकं, भरवणं म्हणजे माया हे त्यांच्या हाडात आहे. मी सासूबाईंना एवढंच सांगितलं, "आई, तुमचा शिरा त्याला फार आवडतो, चारच्या खाण्याला तुम्हीच करत जा." वेळ माझी, शिरा त्यांचा. त्याही खूश, पोरही खूश, आणि साडेआठला भूक शाबूत. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा टोमणा मात्र नवऱ्यानं झेलायचा, हे घरात आधी ठरवून घ्या. "वाळलाय" म्हटलं की त्यानं म्हणायचं, "काकू, माझ्यावर गेलाय, मीही असाच होतो." आईच्या तोंडून आलं तर ते उलट उत्तर होतं, त्याच्या तोंडून आलं की विनोद होतो. हा अन्याय आहे, पण वापरून घ्या.

हे सगळं धडधाकट, खेळत्या मुलाबद्दल चाललंय. कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ, काही आजार असलेलं मूल, सहा महिन्यांच्या आतलं तान्हं, यांचं डॉक्टर सांगतील तसंच. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळालेलं कार्ड कपाटात टाकू नका. त्यात वजनाची रेघ असते, ती आपल्या वाटेनं वर चढत असली तर मूल बारीक दिसलं तरी ठीक आहे. रेघ महिनोन्महिने आडवी पडली, खाली उतरली, मूल फिकट दिसतंय, मरगळलेलं असतं, माती-खडू खातंय, घास गिळताना सारखं ठसकतंय, तर मात्र घरगुती सल्ले बंद करून डॉक्टर गाठा. रक्त तपासा. जंताची गोळी शाळेत-अंगणवाडीत फुकट देतात, ती चुकवू नका.

आणि औषधाच्या दुकानात जाऊन "भुकेचं सिरप द्या" म्हणणं आजपासून थांबवा. त्यातली बरीचशी मुळात अॅलर्जीची औषधं आहेत, त्यानं झोप येते. पोर पेंगतं आणि आपल्याला वाटतं, शांतपणे जेवतंय.