दहाच्या आत डेथ व्हॅली

लास वेगासहून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधलं फर्नेस क्रीक सुमारे १२० मैलांवर आहे. फोनवरचा नकाशा दोन तास आणि वर थोडी मिनिटं सांगतो. नकाशाला अंघोळी, पूजा, बाबांचा दुसरा चहा आणि ‘पैसे भरलेत तर हॉटेलचा नाश्ता सोडायचा कशाला’ यांतलं काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे पहाटे चारला निघायचं ठरलेली गाडी साडेनऊला हलते आणि बारापर्यंत फर्नेस क्रीकला टेकते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं पार्कवाले परोपरीने सांगत असतात. आपली गाडी तिथे पोचते ती नेमकी त्यानंतरच.

खरं तर इथे यायचे महिने नोव्हेंबर ते मार्च. पण मुलांची शाळा जूनमध्ये सुटते आणि आईबाबा भारतातून मेमध्ये येतात, तेव्हा अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाची डेथ व्हॅली होते ती जुलैत.

गाडीत एक चंद्रपूरकर हमखास असतो. चंद्रपूरचा नसला तर अकोल्याचा किंवा जळगावचा. ‘आम्हाला ऊन शिकवू नका, सत्तेचाळीस आमच्याकडे नेहमीचंच’ हे वाक्य आणि खिशात कांदा. मला त्यांचा आदर आहे. सत्तेचाळीस काही थाप नव्हे. पण इथे १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तो जागतिक विक्रम मानला जातो. त्या जुन्या आकड्यावर काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात. घेऊ देत. २०२० आणि २०२१ मध्ये ५४.४ झालंच. ही दरी समुद्रसपाटीच्या खाली, दोन्ही बाजूंना डोंगर, त्यांतलं टेलिस्कोप शिखर ११,०४९ फुटांचं. तापलेली हवा वर जाते, डोंगरांमुळे तिला बाहेर पडता येत नाही, ती पुन्हा खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन आणखी तापते. शिवाय कोरडेपणा इतका की घाम दिसायच्या आत उडतो. ‘मला तर घामच येत नाहीये’ असं कोणी कौतुकाने म्हणालं की त्याला आधी पाणी पाजा. खिशातला कांदा नंतर भेळेला वापरता येईल.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. सहा माणसं असतील तर अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांचे दोन खोके. ते डिकीत टाकू नका, नाहीतर दुपारी चहापत्ती टाकायचीच बाकी राहते. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ पोटात जायला हवं. इथे चिवड्याला तोड नाही. दशम्या आणि कोरडी चटणी टिकते. बेसनाच्या लाडवाचं मात्र तूप सुटून डब्यात पिठलं होतं.

पण खरी पंचाईत पाणी नेण्याची नसून पिण्याची आहे. आई, मावशी, सासूबाई, कोणीही पाणी पीत नाही. ‘मग जायचं कुठे?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरमध्ये फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. बॅडवॉटर, झाब्रिस्की पॉइंट, डान्तेज व्ह्यू या बघायच्या ठिकाणी खड्ड्यावर बांधलेले संडास, तेही बिनपाण्याचे. जुलैतल्या दुपारी त्यांचं वर्णन करणार नाही. तेव्हा निघण्यापूर्वीच कुठे थांबायचं ते बायकांना विचारून ठरवा आणि मग बाकीची ठिकाणं त्यात बसवा. उलट केलंत तर कोणीतरी चार घोटांवर दिवस काढतं आणि संध्याकाळी डोकं धरून बसतं.

गाडीचंही तसंच. पेट्रोल वाटेतल्या पहरम्प गावात भरा, आत बरंच महाग पडतं. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. ‘उन्हात हवा फुगते, थोडी सोडूया’ म्हणणाऱ्याच्या हातून गेज काढून घ्या: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनची उष्णता तेवढीच गाडीच्या आत निघून येते. बाहेर पन्नास अंश असताना हे घरच्यांना समजावणं माझ्या मते चढ चढण्यापेक्षा अवघड. गाडी बंदच पडली तर तिच्यापाशीच थांबा. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि फोन काचेपाशी न लावता एसीच्या झोतासमोर लावा.

क्रम लावायचा तो उन्हाकडे बघून. पहाटे निघता आलंच तर आधी झाब्रिस्की पॉइंट, मग लगेच बॅडवॉटर. बॅडवॉटर हे मिठाचं मैदान समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. मागे वळून वर पाहिलं की समुद्राची पातळी दाखवणारी पाटी कड्यावर दिसते, आणि आपण कुठे उभे आहोत ते तेव्हा कळतं. पार्किंगजवळचं मीठ तुडवून करडं झालंय. पांढरे षटकोन बघायचे तर बरंच आत चालावं लागतं. पांढऱ्यावरून ऊन उलटं येतं, त्यामुळे टोपी घातलेल्याची हनुवटी खालून भाजते. काका मीठ चाखतात. चाखू नका म्हटलं तरी चाखतात. खारट असतं.

भर दुपारी ५,४७५ फुटांवरच्या डान्तेज व्ह्यूला जा. तिथे खालच्यापेक्षा आठ ते चौदा अंशांनी गार असतं. नऊ मैलांचा एकेरी आर्टिस्ट्स ड्राइव्ह उतरत्या उन्हात करा, रंग तेव्हाच खुलतात. व्हिजिटर सेंटरबाहेरच्या थर्मामीटरसमोर फोटो काढायला रांग लागते. उन्हात तापलेलं ते बरेचदा सरकारी आकड्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतं. अंडं मात्र फोडू नका. २०१३ मध्ये लोकांनी जमिनीवर इतकी अंडी तळली की साफसफाईला कंटाळून पार्कवाल्यांनी जाहीर विनंती केली.

शेवटी मेस्कीट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या, सूर्य कलल्यावर, बंद बुटांत. चपला गाडीत ठेवा. २०२४ च्या जुलैत एका पर्यटकाची चप्पल वाळूत गेली आणि पायांची कातडी सोलून निघाली. हवा इतकी तापून विरळ झाली होती की हेलिकॉप्टरला तिथे उतरता येईना. आधी रुग्णवाहिकेने त्याला उंचावर न्यावं लागलं. हे सांगितल्यावरही ‘अनवाणी चालणं तब्येतीला चांगलं’ असं एक जण म्हणतोच. बहुधा तोच, ज्याच्या खिशात कांदा आहे.