दोष गोड्या पाण्याचा नाही

पापलेट-सुरमईचे भाव चढले की महाराष्ट्रात एक वाद ठरलेला असतो: धरणातला मासा खायचा का? 2023 मध्ये पापलेट राज्य मासा म्हणून जाहीर झाला. त्याची पिल्लं मारू नका, हे सगळ्यांना पटतं. मग रोहू, कटला, चिलापी घ्या म्हटलं की किनाऱ्यावरची माणसं नाक मुरडतात. मातकट लागतो म्हणे, आणि काटे फार. शांघायमध्ये राहून मला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. इथे तळ्यातला मासा घरोघरी आवडीने खातात, पण शिजवण्याआधी वासाचा बंदोबस्त करतात.

वास खोटा नाही. पाण्यातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत मुरतं. आंबटाने त्याचा जोर मोडतो. आपली चिंच-कोकमं तेच करतात. नुसत्या हळद-मिठावर रोहू तळून त्याला नावं ठेवणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

इथे मासा टाकीतून जिवंत निवडायचा, विक्रेता खवले काढून देतो. घरी पोटातलं काळं अस्तर खरवडायचं आणि कण्याला चिकटलेलं रक्त धुऊन काढायचं. घाईत नेमकं हेच राहून जातं, आणि मग आलं कितीही घाला, वास हटत नाही.

सोया-साखरेच्या रश्शात शिजवण्याच्या पद्धतीला इथे होंगशाव म्हणतात, मासाही तसाच करतात. चौघांसाठी 600-700 ग्रॅमचा अख्खा मासा पुरतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्या. थोडं मीठ आणि शाओशिंगची तांदळाची वाइन चोळून 15 मिनिटं ठेवा, मग कापडाने कोरडा टिपा. कातडी फाटते ती ओलाव्याने आणि कमी तापलेल्या कढईने. कढई धूर येईपर्यंत तापवा, तीन मोठे चमचे तेल घाला, मासा सोडा आणि तीन मिनिटं त्याला हात लावू नका. कढई हलवल्यावर तो आपोआप सरकला, तरच उलटा.

दुसरी बाजूही तळली की मासा बाजूला काढा. त्याच तेलात आल्याच्या सहा चकत्या, चार लसूण पाकळ्या, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि एक चक्रीफूल परता. मासा परत ठेवून कढईच्या कडेने दीड चमचा वाइन सोडा. मग साधा सोया सॉस दोन चमचे, साखर एक चमचा (हे सगळे चमचे मोठे) आणि गडद सोया अर्धा छोटा चमचा. गडद सोया फक्त रंगापुरता. जास्त झाला तर रस्सा काळा आणि कडवट होतो. माशाच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत उकळतं पाणी घाला, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं शिजवा. मासा आता उलटू नका, वरून रस्सा घालत राहा. शेवटी झाकण काढून आच मोठी करा आणि रस्सा चमच्याला धरेल इतका आटवा. तो आटताना खारट होत जातो, म्हणून मिठाची चव शेवटीच पाहा. उतरवताना चन्च्यांगचं काळं व्हिनेगर एक छोटा चमचा. आधी घातलं तर त्याचा सुवास उडून जातो.

माशात साखर म्हटल्यावर आपल्याकडे पुष्कळांचा चेहरा बदलतो. इथे ती गोडव्यासाठी नसते. सोयाचा खारेपणा सावरते, रश्शाला चकाकी देते. गाडीवरच्या चायनीजसारखं कॉर्नफ्लोर यात लागतच नाही.

भारतात करायचं तर अख्खी चिलापी उत्तम, तिच्या मांसात बारीक काटे नसतात. वाइन नसेल तर वगळा, आलं वाढवा. साधं पांढरं व्हिनेगर तिखट असतं, अर्धंच घाला. काट्यांचा आक्षेप मात्र मला मान्य आहे: रोहू-कटल्याच्या पाठीत आणि शेपटीकडे दुफाट्याचे काटे असतातच. पोटाकडच्या मांसात फक्त बरगड्या असतात, त्या सहज निघतात. मुलांच्या ताटात तोच भाग वाढा.