तेवीस अधिक तेवीस बरोबर सेहेचाळीस नव्हे

अमेरिकेच्या विमान-तिकिटावर सामानापुढे बहुतेक वेळा ‘दोन नग, प्रत्येकी २३ किलो’ असं लिहिलेलं असतं. आपल्या घरात त्याची लगेच बेरीज होते: ४६ किलो! घात होतो तो इथेच. एक बॅग २६ आणि दुसरी २० किलोंची भरली, तर काउंटरवरची मुलगी बेरीज करतच नाही. तिच्या लेखी एक बॅग तीन किलोंनी जड आहे. दुसरीत जागा उरली असेल तर तो तुमचा घरगुती प्रश्न. मग भर रांगेत फतकल मारून बॅग उघडायची. मागच्या मंडळींना लेंगे, भाजणीची पिशवी आणि गुडघ्याचा पट्टा यांचं प्रदर्शन फुकटात. भाजणी इकडून तिकडे जाते आणि काटा दाखवतो २३.४. आता काय काढायचं यावर नवरा-बायकोत मतभेद.

वास्तविक रिकामी मोठी बॅगच चार-पाच किलोंची असते, म्हणजे सामानाच्या वाट्याला अठराच. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहावं, मग बॅग उचलून, आणि वजाबाकी करावी. आपलं वजन त्यानिमित्ताने कळतं, त्याला इलाज नाही. बॅग २२ वर थांबवलेली बरी. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं एकमत होईलच असं नाही. आणि पैसे भरायची कितीही तयारी असली तरी ३२ किलोंच्या वर एक नग सहसा घेतच नाहीत. बॅग उचलणाऱ्यालाही कंबर असते.

खरी गंमत नागपूरकराची. न्यूयॉर्क-मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई-नागपूर स्वस्त दिसलं म्हणून वेगळ्या तिकिटावर. पहिल्या विमानात ४६ किलो, दुसऱ्यात साधारण १५. उरलेल्या ३१ किलोंचे किलोमागे पैसे मोजताना स्वस्त तिकीट चांगलंच महाग पडतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर सहसा परदेशप्रवासाचीच मर्यादा शेवटपर्यंत चालते. ते जमत नसेल तर जादा वजन घरूनच, ऑनलाइन घ्यावं. काउंटरवर तेच महाग मिळतं. देशांतर्गत विमानात बॅगाही मोजाव्यात: काही कंपन्या वजन पंधराच्या आत असलं तरी दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे लावतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या लेखी खोबरं धोकादायक मालात मोडतं. पॉवर बँकेचं उलट: ती हातातल्या बॅगेतच हवी, १०० वॉट-अवरपर्यंत (हे तिच्यात मावणाऱ्या विजेचं माप). बाजारात २०,००० एमएएच म्हणून मिळते ती साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते.

हातातल्या सामानाला बहुधा सात किलो. अंगावरचा कोट मात्र सहसा कोणी तोलत नाही. म्हणून तर मे महिन्यात मुंबई विमानतळावर एखादे काका लोकरी कोटात घामाघूम उभे दिसतात, दोन्ही खिशांत बेसनाचे लाडू घेऊन.