काड्या फुल, नेट गुल

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेश वायफायबद्दल, म्हणजे मुख्य राउटरच्या जोडीला घरात आणखी डबे (नोड) ठेवून एकच वायफाय सगळीकडे पसरवण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. वर मथळा ‘घरातल्या नेटचा वेग दुप्पट करा’, खाली सहा-सात उपाय, शेवटी हात जोडलेले दोन इमोजी. सगळ्याचा गाभा एकच: नेट रखडतंय याचा अर्थ नोड कमी पडतायत, तेव्हा नोड वाढवा, जिथे रेंज नाही तिथे नेऊन ठेवा आणि सगळी सेटिंग ‘मॅक्स’ करा. करून पाहिलं की फोनवरच्या काड्या खरोखर वाढतात, म्हणून मेसेज पटतो आणि पुढे जातो.

त्या काड्या फक्त फोन आणि त्याच्याशी जोडलेला नोड यांच्यातली रेंज दाखवतात. तो नोड आणि हॉलमधला मुख्य राउटर यांच्यात जी जोडणी असते, तिला बॅकहॉल म्हणतात, आणि ती फोनच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही. मेसेजमधले जवळजवळ सगळे उपाय तिथेच गंडतात.

‘ज्या खोलीत रेंज येत नाही, त्याच खोलीत नोड ठेवा.’

सर्वांत जास्त लोक करतात ती चूक हीच. ज्या बेडरूममध्ये राउटरचा सिग्नल पोचत नाही, तिथे ठेवलेल्या नोडला तरी तो कुठून मिळणार? नोडचे अँटेना फोनपेक्षा बरे असतात, त्यामुळे तो कशीबशी जोडणी टिकवतो. फोनला काड्या फुल दिसतात आणि व्हिडिओवर चकती फिरत राहते.

वायफायची ताकद डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, आणि दर १० ने खाली गेला की ताकद एक दशांश. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० ला नुसती तडजोड. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनलायझरसारखं ॲप टाका आणि राउटरपासून त्या खोलीकडे चालत जा. आकडा उणे ६० ते ६५ च्या आसपास येईल तिथे नोड ठेवा. बहुतेक घरांत ही जागा पॅसेजमध्ये किंवा मधल्या खोलीच्या दाराशी निघते. जागा दिसायला विचित्र असते आणि प्लग पॉइंटही नेमका तिथे नसतो, हे मान्य.

भिंत कसली आहे यावरही बरंच ठरतं. पुणे-ठाण्याच्या नव्या टॉवरमध्ये ‘मिवान’ पद्धतीचं बांधकाम सर्रास असतं: ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, आत लोखंडी सळ्यांची जाळी. विटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल (वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी वेगवान पण कमी पोचणारा; दुसरा २.४ चा) थोडाफार निभावतो, अशा भिंतीत दमतो. म्हणून जुन्या इमारतीतल्या भावाकडे जे चाललं, ते तुमच्या बाविसाव्या मजल्यावर चालेलच असं नाही. काँक्रीटची भिंत भेदण्यापेक्षा दारांच्या रेषेत नोड ठेवणं केव्हाही बरं. आणि कृपा करून तो लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवू नका.

‘जितके जास्त नोड, तितका जास्त वेग.’

वायफायच्या एका चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका मार्गिकेवर, एका वेळी एकच जण बोलू शकतो. बिनतारी नोड राउटरकडून आलेला डेटा ऐकतो आणि पुन्हा तोच फोनला सांगतो. दोन्ही कामं एकाच रेडिओवर (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागावर) होत असतील तर हवेतला वेळ दुप्पट लागतो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. नोडमागे नोड अशी साखळी लावली की आणखी घटतो. बऱ्याच ट्राय-बँड (तीन रेडिओंच्या) सेटमध्ये बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ असतो, तिथे हा फटका कमी बसतो. स्वस्त ड्युअल-बँड (दोन रेडिओंचा) सेट घेऊन थ्रीबीएचकेत चार डबे मांडले, तर ते बराचसा वेळ एकमेकांशी बोलण्यातच घालवतात. बहुतेक फ्लॅटना दोन पुरतात. दुमजली बंगल्याला तीन लागू शकतात, कारण मधला स्लॅब.

शिवाय नोड वाढवून प्लॅन वाढत नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर राउटरला टेकून उभं राहिलात तरी १००च मिळणार.

‘सर्व नोडची पॉवर हाय करा.’

राउटर मोठ्याने ओरडेल, पण फोनचा आवाज तेवढाच राहील. फोनची प्रक्षेपणाची ताकद राउटरपेक्षा बरीच कमी असते. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला येत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर ‘तुझा आवाज तुटतोय’ सुरू होतं.

दुसरा तोटा लवकर लक्षात येत नाही. एका नोडवरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, याचा शेवटचा निर्णय फोन घेतो. मेश फार तर सुचवतो. आयफोन तर चालू जोडणी उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा नोड शोधायलाच लागत नाही. दूरच्या नोडची पॉवर वाढवून ठेवली की आकडा उणे ६८ वर रेंगाळतो, आणि शेजारच्या खोलीत चांगला नोड असूनही फोन जुन्यालाच चिकटून बसतो. नोड जवळजवळ असतील तर पॉवर ‘मीडियम’ करून पाहा.

‘चॅनलची रुंदी १६० करा.’

ही रुंदी मेगाहर्ट्झमध्ये असते; ती दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो, म्हणजे लांबची जोडणी आणखी कमकुवत होते. त्यातून ५ गिगाहर्ट्झमधल्या १६० च्या नेहमीच्या पट्ट्यांमध्ये रडारसोबत वाटून घ्यायची चॅनल येतात. तिथे रडारसारखं काही जाणवलं की राउटरला चॅनल सोडावं लागतं, आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. बॅकहॉलही त्याच चॅनलवर असेल तर तेवढा वेळ घरभर नेट बंद. फ्लॅटसाठी ८० पुरे. २.४ गिगाहर्ट्झवर मात्र २० च ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ निवडा. एकमेकांवर न चढणारी तीनच आहेत आणि तुमच्या मजल्यावरचे सगळे शेजारीही तिथेच आहेत.

‘२.४ बंद करून टाका, ५ च खरं.’

मग स्मार्ट प्लग, दाराची बेल आणि कॅमेरा बंद पडले की तक्रार करू नका. यातली बहुतेक उपकरणं फक्त २.४ वरच चालतात.

‘मेशला केबल लागत नाही, तो जुना जमाना गेला.’

लागत नाही हे खरं, पण टाकता येत असेल तर याच्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देते आणि एवढं लांब आपलं कुणाचं घर नसतं. नोडला तार जोडली की बॅकहॉल हवेतून उतरतो, हवेतला सगळा वेळ फोन-लॅपटॉपला मिळतो आणि मिवानच्या भिंतींचा प्रश्नच मिटतो. बिल्डरने बेडरूमपर्यंत टीव्हीच्या केबलसाठी पाइप टाकलेला असतो, तो बऱ्याचदा रिकामा असतो किंवा त्यात एक जुनी डिशची वायर पडून असते. इलेक्ट्रिशियनला तोच दाखवा. विजेच्या वायरच्या पाइपमधून मात्र ओढू देऊ नका.

काम झाल्यावर एक गोष्ट तपासाच. केबलमध्ये आठ तारा असतात. काही कारागीर घाईत चारच जोडतात, नेट सुरू होतं, सगळे खूश. पण वेग १०० वर अडकतो, कारण गिगाबिटला आठही लागतात. नोडचे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, तेही खरेदीआधी खोक्यावर वाचा.

‘राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावा.’

फॉइलने एका बाजूचा सिग्नल फार तर दुसरीकडे वळतो, आणि मेशमध्ये ज्या बाजूला पाठ केली तिकडेच दुसरा नोड असू शकतो. पोळ्या गुंडाळा.

मेसेजमध्ये एक मुद्दा मुळातच नाही. नेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बहुतेक घरांत मेश आणल्यावरही चालूच राहतं. फोन मध्येच त्याला जाऊन चिकटतो आणि शिव्या मेशला बसतात. ते बंद करा. डबा आणि मेश दोघंही राउटर बनून बसले असतील तर घरातला प्रिंटर एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही, आणि ऑनलाइन गेम अडखळतात. अशा वेळी मेश ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाका (मग तो नुसतं वायफाय देतो, राउटरचं काम डबा करतो) किंवा कंपनीला फोन करून डबा ‘ब्रिज मोड’मध्ये करून घ्या (मग राउटरचं काम मेश करतो). दुसऱ्या पर्यायासाठी कस्टमर केअरवर बराच वेळ संगीत ऐकायची तयारी ठेवा.