केबिनमनच्या भरवशावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रेल्वेच्या सिग्नलांविषयीच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. 'लिव्हर आणि तारांचं कौतुक पुरे, ते सगळं केबिनमनच्या भरवशावर चालायचं. खरी सुरक्षितता इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगने आणली,' असं तुम्ही म्हणता. (केबिनमन म्हणजे केबिनमधून लिव्हर ओढून सांधे आणि सिग्नल हलवणारा कर्मचारी; इंटरलॉकिंग म्हणजे सांधा आणि सिग्नल एकमेकांशी विसंगत होऊ न देणारी यंत्रणा.) यातलं भरवशाचं मला अजिबात पटत नाही.

केबिनमन चुकणार, हे धरूनच लिव्हर फ्रेम, म्हणजे केबिनमधली लिव्हरांची चौकट, घडवलेली असते. लिव्हरला जोडलेल्या पट्ट्यांना खाचा असतात आणि त्यांत आडवे लोखंडी ठोकळे बसतात. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा, लूप लाइनला (मेन लाइनच्या बाजूच्या मार्गाला) लावला, की मेन लाइनच्या सिग्नलचा लिव्हर जागीच अडकतो. मग कितीही जोर लावा.

पण फ्रेमला कळते ती फक्त लिव्हरची स्थिती. केबिनपासून सांध्यापर्यंत शे-दोनशे मीटर गेलेला रॉड मधेच तुटला तर? टंग रेल (सांध्यातली सरकणारी निमुळती पट्टी) आणि रुळाच्या मधे खडी अडकली तर? त्यासाठी सांध्याशेजारी डिटेक्टर असतो. टंग रेलला जोडलेली एक पट्टी आणि सिग्नलच्या तारेतली दुसरी, अशा दोन पट्ट्या त्यात काटकोनात सरकतात. टंग रेल रुळाला नीट चिकटली तरच खाचा जुळतात आणि तार पुढे ओढली जाते. एरवी सिग्नलचा हात खाली पडतच नाही, म्हणजे गाडीला वाट मिळत नाही. तारच तुटली, तर वजनामुळे सिग्नलचा हात आडवा होतो आणि गाडी थांबते. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ज्या लोखंडावरून चाक जाणार, त्याचीच साक्ष काढली जाते.

टोकनच्या, म्हणजे एकेरी मार्गाच्या एखाद्या टप्प्यात शिरण्याचा परवाना म्हणून ड्रायव्हरच्या हाती दिल्या जाणाऱ्या वस्तूच्या, बाबतीत मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं. वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूलला २६ जानेवारी १९२१ रोजी टॅब्लेटचं (टोकनचाच एक प्रकार) यंत्र चोख होतं. पण ड्रायव्हरने आणलेली मागच्या सेक्शनची टॅब्लेटच त्याच्या हाती परत पडली, ती कुणी वाचली नाही, आणि एकेरी मार्गावर समोरून एक्सप्रेस आली. १७ जण गेले.

आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा? मोठ्या यार्डात तिच्याशिवाय भागणार नाही, ती हवीच. पण तिला सांध्याची खबर मिळते ती वायरींतून. २ जून २०२३ ला बालासोरजवळच्या बहानगा बाजारला मेन लाइनचा सिग्नल हिरवा होता आणि सांधा लूपकडे. सर्किटमधले बदल करताना झालेल्या चुका चौकशीत पुढे आल्या. म्हणून वायरिंगला हात लागला, की सांधा प्रत्यक्ष फिरवून, स्टेशनातल्या पॅनेलवर दिसतं तेच जमिनीवर आहे ना, हे ताडून पाहिल्याशिवाय एकही गाडी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.